लेखनक्रिया आणि लेखनप्रक्रिया : अल्लीपूर परिसरातील विद्यार्थ्याच्या मराठी लेखनासंदर्भात

१

मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत लेखन शिकवले जाते, असे अभ्यासक्रमाची पुस्तिका सांगते. प्रत्यक्ष वर्गात शिकवला जातो तो मात्र लिहून झालेला मजकूर. पत्राचे भाग किती, बातमीचा मथळा कसा असावा, वैचारिक निबंध आणि ललित निबंध यांत भेद कोणता, हे सांगितले जाते. एखादा नमुना वाचून दाखवला जातो. विद्यार्थी त्या बेताचे चार परिच्छेद लिहून आणतो आणि अध्यापक तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून खाली गुण मांडतो. कोऱ्या कागदापासून सिद्ध मजकुरापर्यंत लिहिणारा कसा पोचतो, वाटेत कोठे अडतो, काय टाकून देतो आणि टाकलेले पुन्हा का उचलतो, हा सगळा मधला प्रदेश अध्यापनाच्या कक्षेबाहेर राहतो. विद्यार्थ्याला खरी मदत हवी असते ती नेमकी तेथेच.

या स्थितीचे मूळ फार जुने आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षर वाटोळे, सुटे आणि सारखे असावे, ओळी नेटक्या असाव्यात, कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर जाऊ नये इतकी जागा भोवती सोडावी, लेखणी, शाई आणि कागद यांची निगा राखावी, अशी तेथील शिकवण आहे. हा उपदेश ग्रंथाची प्रत करणाऱ्याला आहे. मजकूर आधीच सिद्ध झालेला आहे. लिहिणाऱ्याने तो निर्दोष उतरवायचा आहे. हस्तलिखितांच्या काळात ज्ञान टिकले ते अशा नकलकारांच्या हातांवर, म्हणून समर्थांनी या कामाला दिलेले महत्त्व यथार्थच होते. अडचण पुढची आहे. मराठी मुद्रणाला दोन शतके उलटून गेली, तरी आपल्या वर्गातील लेखनाची कल्पना बव्हंशी नकलकाराचीच राहिली. विद्यार्थ्याने सुवाच्य, शुद्ध आणि विहित आकाराचा मजकूर उतरवावा. तो कोठून उतरवला याची चौकशी सहसा होत नाही. पूर्वी तो गाइडातून उतरवला जाई, आता मोबाइलवरून उतरवला जातो. फरक साधनाचा आहे, क्रिया तीच आहे.

म्हणून प्रारंभीच दोन शब्दांत भेद केलेला बरा. सिद्ध मजकूर कागदावर आणणे ही लेखनक्रिया. मजकूर सिद्ध होत जाणे ही लेखनप्रक्रिया. पहिलीत दोष काढता येतो. दुसरीत दोष काढण्याची वेळ कोणती, हाच मुख्य प्रश्न असतो.

२

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो ज्याची घरची बोली आणि वर्गातील भाषा यांत अंतर आहे अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे मोठे गाव उदाहरणादाखल घेता येईल. भोवती कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती. घरात आणि चावडीवर बोलली जाते ती वऱ्हाडी आणि नागपुरी यांच्या सीमेवरची मराठी. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) या दोन्ही बोलींचे नमुने स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. अर्थात या बोलींना शास्त्रीय नोंदीचा मान मिळून शतक लोटले आहे. वर्गात मात्र त्यांची नोंद अजूनही 'अशुद्ध' या एकाच सदराखाली होते.

या गावातून हिंगणघाटच्या किंवा वर्ध्याच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी 'मला' या अर्थी 'मले' म्हणतो, 'जात आहे' या अर्थी 'जाऊन रायला' म्हणतो, 'शाळा'चा उच्चार 'शाया' करतो. त्याच्या उच्चारात 'ण' बहुधा नसतोच. 'पानी', 'कोन', 'म्हने' हेच त्याला स्वाभाविक. हे सारे नियमबद्ध आहे. नियम माहीत असलेल्याला त्यातून प्रमाण रूपाकडे जाणारी वाटही सरळ दिसते. पण ती वाट कोणी दाखवली नाही, तर विद्यार्थी अंदाजाने चालतो आणि 'न' दिसेल तेथे 'ण' लिहू लागतो. मग 'मन'चे 'मण' होते आणि भावना शेरात मोजल्यासारखी वाटते. अध्यापक हसतो, वर्ग हसतो, आणि विद्यार्थी एक धडा शिकतो : स्वतःचे वाक्य लिहिण्यात धोका आहे, गाइडातले वाक्य सुरक्षित आहे.

त्याच्या उत्तरपत्रिकेत मग पुढील प्रकारचा मजकूर येतो. येथून पुढे दिलेले मजकुराचे नमुने विवेचनासाठी रचलेले आहेत. मराठीच्या कोणत्याही अध्यापकाला ते ओळखीचे वाटतील.

'कापूस हे विदर्भाचे पांढरे सोने आहे. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. परंतु आज त्याची अवस्था अत्यंत दयनीय झाली आहे. शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देणे ही काळाची गरज आहे.'

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लिहिणाऱ्याचे एकही वाक्य नाही. ज्याने दहाव्या वर्षापासून कापूस वेचला त्याच्या हातून कापसावर ही चार वाक्ये उतरावीत, आणि त्याला बरे गुण मिळावेत, ही घटना अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने साधी नाही. विद्यार्थ्याचे जे ज्ञान आहे ते त्याच्या भाषेत आहे. ती भाषा उंबऱ्याबाहेर थांबवली की ज्ञानही बाहेरच थांबते.

३

लेखनाकडे प्रक्रिया म्हणून पाहण्याची पद्धतशीर चर्चा पाश्चात्य शिक्षणविचारात १९७० नंतर सुरू झाली. जेनेट एमिग यांनी बारावीतील विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मनातले मोठ्याने बोलायला लावून त्यांच्या लेखनाचा अभ्यास केला (१९७१). आधी आराखडा, मग लेखन, मग सुधारणा अशी जी सरळ रेषा पाठ्यपुस्तके सांगत, तिच्याशी मुलांचे प्रत्यक्ष लेखन जुळत नाही, असे त्यांना आढळले. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये या निरीक्षणाला सैद्धांतिक रूप दिले. योजना, शब्दांकन आणि पुनरवलोकन या क्रिया क्रमाने येत नाहीत. त्या एकमेकींत शिरतात, आणि तिसऱ्या परिच्छेदाशी आलेला लेखक पहिल्या परिच्छेदाची योजना बदलतो. नॅन्सी सॉमर्स यांचा १९८० चा अभ्यास मराठीच्या अध्यापकाला विशेष उपयोगी आहे. वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची त्यांनी तुलना केली. विद्यार्थ्यांच्या मते पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे, द्विरुक्ती काढणे. अनुभवी लेखक मात्र आपल्या विवेचनाला आकार सापडतो आहे की नाही हे पाहत होते आणि वाचकाच्या जागी बसून स्वतःचा मजकूर वाचत होते.

व्हिव्हियन झामेल यांनी इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास केला (१९८३). भाषेवरील प्रभुत्व अपुरे असले तरी कुशल लेखक प्रथम अर्थाच्या मागे जातात. प्रत्येक शब्दाच्या बिनचूकपणापाशी थबकणाऱ्याचा विचार मध्येच तुटतो, असा त्यांच्या निरीक्षणाचा रोख आहे. अल्लीपूरच्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठी ही परकी भाषा नाही, हे खरे. तरी लिहिताना तो ज्या रीतीने थबकतो ती रीत पाहता हे निरीक्षण येथेही लागू पडते.

हे सर्व केवळ परदेशातून आलेले आहे, असे समजण्याचे कारण नाही. विदर्भाच्याच भूमीत याचे दाखले आहेत आणि ते अधिक बोलके आहेत. म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरच्या परिसरात आकाराला आले. चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून म्हाइंभटांनी त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. आठवणींत तफावत आली तेथे ती बुजवली नाही; अमुकाच्या स्मरणाप्रमाणे असे, तमुकाच्या शोधाप्रमाणे तसे, अशा पाठभेदांच्या नोंदी त्या परंपरेने सांभाळल्या. ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीचा तपास ग्रंथातच दिसत राहावा, ही गोष्ट आजच्या प्रबंधलेखकानेही लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथाची भाषा लोकांच्या तोंडची राहिली, हेही त्या रीतीचेच फळ. डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती (१९७८) वर्गात वाचली जाते ती भाषेचा आणि पंथाचा अभ्यास म्हणून. लेखनाच्या तासाला तिचे एक पानही उघडले जात नाही.

दुसरा दाखला वर्ध्याचाच आहे. विनोबांनी गीताईची रचना १९३०-३१ मध्ये केली आणि १९३२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. छपाईपूर्वी त्यांनी ती आश्रमातील मुलींना शिकवून पाहिली आणि त्या जेथे अडल्या तेथे शब्द बदलले, असे त्यांच्या आठवणींत आहे. संस्कृताचा एवढा अधिकारी पुरुष स्वतःच्या रचनेची परीक्षा लहान मुलींकडून घेतो, यात केवळ विनय नाही. ती पद्धत आहे. मजकूर कोणासाठी आहे हे ठरल्याशिवाय तो सुधारायचा कसा हे ठरत नाही. शब्द अवघड की सोपा याचा निर्णय कोशात होत नसतो, समोरच्या चेहऱ्यावर होतो.

४

आता वर्गातील प्रत्यक्ष कामाकडे वळावे. विषय तोच ठेवू : कापूस. पहिल्या तासाला लेखणी बाजूला ठेवावी. विद्यार्थ्यांनी दोघादोघांनी बसून यंदाच्या वेचणीतील एक प्रसंग एकमेकांना सांगावा. 'शेतकऱ्याचे जीवन' असा विषय देऊ नये. 'एक दिवस' किंवा 'एक भांडण' असा द्यावा. ऐकणाऱ्याने फक्त विचारावे : मग काय झाले? तू कोठे होतास? त्यानंतर वीस मिनिटांत, जसे सांगितले तसे, बोलीतच उतरवावे. या कागदाला खर्डा म्हणावे आणि त्यावर तांबडी शाई कदापि लावू नये. असा एक खर्डा पुढीलप्रमाणे असू शकेल.

'यंदा आमच्या वावरात पऱ्हाटी चांगली होती. दिवाईच्या टायमाले पानी आला न् फुटलेला कापूस ओला झाला. माय म्हने दोन दिवस ऊन लागू द्या, मंग वेचा. बाबा म्हने बाया उद्या भेटत नाही. मंग ओलाच वेचला. घरी आनून वसरीत पसरला. व्यापाऱ्यानं हात घातला न् म्हने याले भाव नाही भेटत. बाबा काही बोलले नाही.'

जुन्या पद्धतीने या कागदावर किमान डझनभर खुणा होतील आणि त्या सर्व व्याकरणदृष्ट्या समर्थनीय असतील. त्यातली एकही खूण हे सांगणार नाही की या आठ वाक्यांत एक खरा पेच आहे. आई एक म्हणते, वडील दुसरे. दोघांचेही बरोबर आहे. गाइडातल्या मजकुरात 'दयनीय अवस्था' होती, येथे ती अवस्था ज्या निर्णयातून येते तो निर्णय आहे. अध्यापकाचे पहिले काम एवढेच, की हा पेच लिहिणाऱ्याला दाखवावा. बहुधा त्याला तो दिसलेला नसतो. ज्याच्या घरात तो रोज घडतो त्याला त्याचे नवल वाटत नाही.

दाखवायचे ते प्रश्नांतून. बाया उद्या का मिळणार नव्हत्या? ओला कापूस दोन दिवस झाडावर ठेवला असता तर काय गमावले असते? व्यापाऱ्याने हात घातला म्हणजे नेमके काय केले? शेवटच्या प्रश्नाने विद्यार्थ्याला बाजारात जाऊन पाहावे लागेल. हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात चौकशी केली तर त्याला कळेल, की भारतीय कपास निगमाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा ८ ते १२ टक्के असते; ८ टक्क्यांच्या वर भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. खाजगी व्यापारी हाताने जे जोखतो ते यंत्र आकड्याने सांगते. ही माहिती मिळाली की विद्यार्थी ती दुसऱ्या खर्ड्यात ठासून भरतो. भरू द्यावी. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा बिघडतो, हा अनुभव इतक्या वेळा येतो की त्याला नियमच म्हणावे. आकडे येतात, वाक्ये लांबतात, आई-वडील मागे पडतात. अशा वेळी अध्यापकाने धीर सोडला तर सगळी मेहनत वाया जाते.

तिसऱ्या बैठकीत चौघापाचांच्या गटात हा खर्डा मोठ्याने वाचला जावा. ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात : काय डोळ्यांसमोर राहिले, आणि कोठे लक्ष उडाले. 'छान आहे' हे उत्तर ग्राह्य धरू नये. व्यापाऱ्याचा हात सर्वांना आठवला आणि टक्केवारी कोणालाच आठवली नाही, असे झाले, तर लिहिणाऱ्याला प्रारंभ कोठून करावा हे आपोआप उमगते. त्यानंतरचा मजकूर असा होऊ शकेल.

'व्यापाऱ्याने कापसात हात घातला, मूठ दाबून पाहिली आणि काही न बोलता बोटे चोळली. भाव त्याने नंतर सांगितला. आम्हाला तो आधीच कळला होता. दिवाळीच्या सुमारास पाऊस येऊन फुटलेला कापूस भिजला, तेव्हा आई म्हणाली होती, "दोन दिवस ऊन लागू द्या, मंग वेचा." बाबांपुढे दुसराच प्रश्न होता. वेचणाऱ्या बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात जाणार होत्या आणि पुन्हा कधी मिळतील याचा नेम नव्हता. कापूस ओला वेचला तर भाव जातो. पऱ्हाटीवर ठेवला तर मजूर जातात, आणि पुन्हा पाऊस आला तर कापूसही जातो. बाबांनी भाव जाऊ दिला.'

खर्ड्यातला शेवट, म्हणजे व्यापाऱ्याचा हात, येथे आरंभी आला आहे. खर्ड्यातले 'बाबा काही बोलले नाही' हे वाक्य गेले आणि त्याच्या जागी वडिलांचा निर्णय आला. टक्केवारी पूर्णपणे गळाली, कारण चोळलेल्या बोटांनी तेच सांगितले. ती शोधण्याचे श्रम मात्र फुकट गेले नाहीत. हाच विद्यार्थी याच विषयावर बाजार समितीच्या सभापतीला पत्र लिहील, तेव्हा आई-वडिलांचा संवाद गळेल आणि ८ व १२ हे आकडे पहिल्या परिच्छेदात येतील. एकाच सामग्रीतून दोन वाचकांसाठी दोन मजकूर करून पाहणे, हा लेखनप्रकार शिकवण्याचा त्यांची लक्षणे पाठ करून घेण्यापेक्षा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे.

बोलीतले शब्द कोणते ठेवावेत, हा निर्णय लिहिणाऱ्याचा असावा आणि त्याने त्याचे कारण सांगावे. वरील मजकुरात 'वावर' आणि 'पऱ्हाटी' राहिले, 'टायमाले' गेले. आईच्या तोंडी 'मंग' राहिले, निवेदनात आले नाही. 'बाया' राहिल्या, कारण 'स्त्री-मजूर' म्हटल्याबरोबर त्या वावरातून उठून अहवालात जाऊन बसल्या असत्या. मूळ खर्ड्यातली 'वसरी' परिच्छेदाच्या नव्या आकारात आपोआप सुटली. ती घरी पसरलेल्या कापसाच्या वासासह दुसऱ्या परिच्छेदात येऊ शकेल. असे निर्णय घेताना विद्यार्थी बोली आणि प्रमाणभाषा यांचा जो अभ्यास करतो, तो भाषाविज्ञानाच्या पत्रिकेतील प्रश्नोत्तरांनी होत नाही.

५

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. प्रक्रियेवर भर द्यायचा, खर्ड्यातल्या चुका पोटात घालायच्या, गटात वाचन करायचे, हे सर्व ऐकायला उदार वाटते. पण त्यामुळे प्रमाणभाषा शिकवण्याची जबाबदारी अध्यापकाने अंगाबाहेर टाकली, असे तर होत नाही? अमेरिकेत लिसा डेल्पिट यांनी १९८६ आणि १९८८ मधील आपल्या लेखांत हाच प्रश्न कृष्णवर्णीय मुलांच्या संदर्भात उपस्थित केला. ज्यांच्या घरी सत्तेची भाषा बोलली जाते त्या मुलांना ती वर्गात न शिकवताही येते. ज्यांच्या घरी ती नाही त्यांना ती स्पष्टपणे, नियम सांगून शिकवलीच पाहिजे. नाही तर शिक्षकाचे औदार्य त्यांच्याच मुळावर येते.

हा आक्षेप वर्धा जिल्ह्याला तंतोतंत लागू पडतो. पुण्यातील सुशिक्षित घरातल्या विद्यार्थ्याला 'पाणी'तला 'ण' कोणी शिकवावा लागत नाही. अल्लीपूरच्या विद्यार्थ्याला तो शिकवावा लागतो, आणि नोकरीच्या अर्जात तो चुकला तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. त्यामुळे खर्ड्यावर तांबडी शाई नको याचा अर्थ तांबडी शाईच नको, असा नव्हे. तिची जागा शेवटच्या बैठकीत आहे. विधानांचा क्रम ठरला, गाळायचे ते गाळले, ठेवायचे ते ठेवले, की मग मराठी साहित्य महामंडळाचे नियम समोर घ्यावेत. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे एकूण अठराच नियम आहेत. ते पाठ होण्यासारखे आहेत. त्यांच्या जोडीला बोलीतून प्रमाण रूपाकडे नेणारा एक तक्ता वर्गानेच तयार करावा : 'ले'च्या जागी 'ला', 'करून रायला'च्या जागी 'करत आहे', 'सांगतलं'च्या जागी 'सांगितलं', 'डोया'च्या जागी 'डोळा', आणि 'न' व 'ण' यांच्या जोड्यांची स्वतंत्र यादी. असा तक्ता केला की विद्यार्थ्याला आपली चूक चूक म्हणून दिसत नाही, फरक म्हणून दिसते. फरक लक्षात ठेवणे सोपे असते. चुकीची लाजच तेवढी लक्षात राहते.

आधीच शुद्ध लिहायची सवय लावली तर शेवटी दुरुस्तीची गरज उरणार नाही, हा युक्तिवाद स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर गाइडातल्या त्या चार वाक्यांनी दिलेलेच आहे. ती वाक्ये आधीच शुद्ध होती.

६

उरतो प्रश्न व्यवहाराचा. वर्गात ऐंशी विद्यार्थी, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि विभागात बहुधा एक किंवा दोन अध्यापक. प्रत्येकाचे तीन खर्डे तपासायचे म्हटले तर दोनशे चाळीस कागद होतात. ते तपासून होणार नाहीत, आणि तपासूही नयेत. पहिला खर्डा अध्यापकाने वाचायचाच नाही. तो लिहिणाऱ्याच्या जोडीदारासाठी आहे. दुसरा गटासाठी आहे. अध्यापकाने प्रत्येक वेळी दोन खर्डे, लिहिणाऱ्यांच्या संमतीने, फळ्यावर घेऊन सर्वांसमोर सुधारावेत आणि सुधारताना स्वतःला पडलेले प्रश्न मोठ्याने बोलून दाखवावेत. स्वतःचा खर्डा कधीमधी फळ्यावर आणला तर अधिक बरे. बहुतेक विद्यार्थ्यांनी आपला अध्यापक लिहिताना अडलेला कधी पाहिलेलाच नसतो. त्याचे फक्त छापील लेख पाहिलेले असतात. अडणे हा लिहिण्याचाच भाग आहे, हे त्यांना सांगून पटत नाही, पाहून पटते.

गुणांचा प्रश्न याहून अवघड आहे. विद्यापीठीय लेखी परीक्षेत खर्ड्याला जागा नाही. तेथे दोन-तीन तासांत पक्की प्रत द्यावी लागते. अंतर्गत मूल्यमापनात मात्र अध्यापकाला काही मोकळीक असते. तेथे केवळ अंतिम मजकुराला गुण न देता सर्व खर्डे एकत्र शिवून घ्यावेत, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत काय बदलले व का, याचे विद्यार्थ्याने लिहिलेले एक पान सोबत घ्यावे. तयार मजकूर उतरवून आणणाऱ्याची येथे खरी अडचण होते. शेवटची प्रत मोबाइलवरून मिळते, आता खर्डेही तेथून करून घेता येतात. पण जोडीदाराने विचारलेला प्रश्न आणि त्यामुळे बदललेले वाक्य ही जोडी तेथे मिळत नाही. नक्कल पकडण्यासाठी हे करावे असे नव्हे. चांगल्या खर्ड्यांचा गठ्ठा हातात असला की पुढल्या वर्षीच्या वर्गाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे, आपल्याच गावचे पाठ मिळतात, हा त्याचा मोठा लाभ आहे.

या संदर्भात वर्ध्याचा आणखी एक जुना कागद उघडून पाहण्यासारखा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना सादर केली. ती चर्चेत राहिली ती चरख्यामुळे. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगाला आणि केवळ ४० मिनिटे मातृभाषेला, या वाटणीवर बरीच टीकाही झाली. पण त्या चाळीस मिनिटांत काय साधायचे याची जी यादी समितीने दिली, तिच्याकडे भाषेच्या अध्यापकांचे लक्ष फारसे गेले नाही. दैनंदिन घटनांचे साध्या आणि स्पष्ट भाषेत वर्णन करता यावे, आणि गावात सहकारी कामासाठी भरलेल्या सभेचा वृत्तान्त लिहिता यावा, असे एक उद्दिष्ट त्यात आहे. सात ते चौदा वर्षांच्या मुलांकडून ही अपेक्षा होती. आज मराठीत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या किती विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, कोण काय म्हणाले आणि काय ठरले हे वेगळे ठेवून, लिहिता येईल, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारून पाहावा.

हा प्रयोग करणे अवघड नाही. अल्लीपूरचे दोन-तीन विद्यार्थी वर्गात असतील तर त्यांनी एकाच ग्रामसभेला बसावे, परस्परांना न दाखवता टिपणे घ्यावीत आणि स्वतंत्रपणे इतिवृत्त लिहावे. वर्गात ते शेजारीशेजारी ठेवले की तीन कागदांवर तीन सभा दिसतील. एकाने पाणीपुरवठ्यावरचा वाद सविस्तर दिला असेल, दुसऱ्याने तो 'चर्चा झाली' या दोन शब्दांत संपवला असेल, आणि मागच्या रांगेतून एखादी बाई जे बोलली ते कदाचित एकाच कागदावर आले असेल, तेही तिच्या बोलीत. तिचे वाक्य इतिवृत्तात कसे न्यायचे, तिचा शब्द ठेवायचा की प्रमाण रूप द्यायचे, आणि दिले तर तिने जे म्हटले तेच उरते का, येथून पुढला तास सुरू करावा.